शेजारच्या खोलीतलं माणूस

प्रश्न : वय ६२. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, चौदा महिन्यांपूर्वी पत्नी गेली. मुलगी पुण्यात असते, ‘इकडेच या’ म्हणते. मला पहिल्यापासून एकटं राहायला आवडतं. दिवस कसाही जातो, संध्याकाळ मात्र अंगावर येते. सिडकोत पूर्वी सगळ्यांची दारं उघडी असायची, आता समोर कोण राहतं तेही ठाऊक नाही. निफाडच्या मेहुण्यांचे दोन-तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. एकांत आवडणाऱ्या माणसाला तोच का खायला उठावा? पुण्याला जावं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

भाऊ, तुम्हाला आवडायचा तो एकांत शेजारच्या खोलीत माणूस असतानाचा होता. तुम्ही बाहेर पेपर वाचत बसायचात, आत भांडी वाजायची. बोलणं नसायचं, पण कुणीतरी असायचं. शिवाय नातेवाइकांचे फोन, लग्नपत्रिका, कुणाकडे काय झालं हे सगळं खातं बहुधा वहिनींकडेच असणार. तुमच्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांना आपण माणूसघाणे आहोत असं वाटत राहतं. माणसं जोडून ठेवायचं काम बायको करत असते, म्हणून ते कळत नाही. तेव्हा स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका. ती शेजारची खोली पुन्हा कुठे मिळते ते बघू.

आधी मोजमाप. टूलरूममध्ये माप घेतल्याशिवाय तुम्ही जॉबला हात लावला नसता. एका वहीत सात दिवस सकाळी ८, दुपारी १२ आणि ४, संध्याकाळी ७, रात्री १० या वेळांना एक ते पाचमधला आकडा लिहा, पुढे दोन शब्दांत काय करत होतात ते. बहुतेकांना दिसतं की सगळा दिवस वाईट नसतोच, दीड-दोन तासच जड जातात. तेवढ्याच वेळेचा बंदोबस्त करायचा. लोक नेमकं उलटं करतात: पहिल्याच आठवड्यात हास्यक्लब, भजनी मंडळ, ज्येष्ठांची सहल सगळं धरतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं सोडून देतात. तुम्ही एकच धरा. तोच वार, तीच वेळ, सहा आठवडे. ओळख गप्पांनी होते त्यापेक्षा तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसल्याने जास्त होते.

न बोलता माणसांत बसायचं असेल तर नाशिकसारखं गाव नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरा, वाचनकक्षाच्या वेळा आधी विचारून घ्या. तिथे कुणी तुम्हाला ‘कसे आहात’ विचारणार नाही, आणि पानं उलटल्याचा आवाज येत राहील. चालायला गोल्फ क्लब मैदान आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, ऐकणाऱ्याला तिथे बोलावं लागत नाही.

दारांचं म्हणाल तर लोक शिष्ट झालेत असं नाही. दोघं नोकरीला, डास, एसी, शिवाय दारात येणारा प्रत्येक जण पार्सलवाला. तुम्ही साडेसहा ते साडेसात आतलं लाकडी दार उघडं ठेवा, जाळीच्या दाराला कुलूप असू द्या. समोरचं पोर जाळीतून डोकावेल. नाही डोकावलं तरी जिन्यातली वर्दळ कानावर पडेल, आणि तुमची जड वेळ नेमकी तीच आहे.

जेवणाकडेही बघा. सवयीने दोघांचा कुकर लागतो आणि माणूस तेच वरण तीन दिवस खातो. एका वेळेला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी तूरडाळ पुरते. डाळ वीस मिनिटं आधी भिजवा. कुकर तीन लिटरचा घ्या, पाच लिटरचा भाचीला देऊन टाका. रात्री घोट घेत असाल तर तोही वहीत लिहा. दारूने झोप लागते लवकर, पण पहाटे तीनला मोडते, आणि तीनचा एकांत सातच्यापेक्षा वाईट.

एकट्या माणसाने एवढं कराच : न्हाणीघराला आतून कडी लावू नका, दार नुसतं लोटा. घराची दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. आणि त्या ‘गुड मॉर्निंग’च्या मेसेजला जरा कामाला लावा: सकाळी आठपर्यंत तुमचा मेसेज आला नाही तर मुलीने आधी तुम्हाला, मग किल्ली असलेल्या शेजाऱ्याला फोन करायचा. हे त्या शेजाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं हवं. इथेच सगळं अडतं.

दोन आठवडे सलग भूक नाही, झोप नाही, कशातच मन नाही असं झालं तर डॉक्टरांकडे जा आणि बी-१२, थायरॉइड, साखर तपासून घ्या. जगण्यात अर्थ नाही असा विचार डोकावला तर त्याच दिवशी मुलीला सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

पुण्याला जरूर जा, पण तीन आठवडे, परतीचं तिकीट काढून, आणि सणासुदीला नको. सणात घर भरलेलं असतं, खरा अंदाज येत नाही. मंगळवारी दुपारी सगळे बाहेर गेल्यावर त्या घरात कसं वाटतं ते बघून या. सिडकोतलं घर वर्षभर विकू नका, भाड्यानेही देऊ नका.

आता फोन. वहिनींच्या मोबाइलमधून बारा नावं उतरवून घ्या, दर रविवारी एक. तुमच्यासारख्याने अचानक ‘सहज केला’ म्हटलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून सुरुवातच ‘सगळं ठीक आहे’ अशी करा. एक नेमकी गोष्ट विचारा, पाच मिनिटांत ठेवा. पहिला मान निफाडच्या मेहुण्यांचा, त्यांची बहीण गेली आहे. त्यांची द्राक्षबाग असेल तर सध्या ऑक्टोबर छाटणीची धांदल असणार, दिवसा फोन घ्यायला सवड नसते. रात्री साडेआठनंतर लावा आणि विचारा, छाटणी कुठवर आली, काड्यांचे डोळे फुटायला लावतात ती पेस्ट लावून झाली का.