वाचकांचे प्रश्न : टीव्हीचं चित्र चार मिनिटांनी का गोठतं?

प्रश्न : आमच्या लॉजच्या ४० खोल्यांत नेटवर्कवरून १२ चॅनेल दाखवतो, प्रत्येक साधारण ८ एमबीपीएसचं. आधी सगळीकडेच चित्र फाटत होतं. नेटवर्कच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणाला कोणतं चॅनेल हवंय ते स्विचने पाहून ठेवणं) चालू केल्यावर ते थांबलं, पण आता चार-सव्वाचार मिनिटांनी चित्र गोठतं. चॅनेल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. स्विच बदलावा का?

उत्तर : नको. स्विच ठणठणीत आहे, नेटवर्कमध्ये क्वेरियर नाही.

आधी फाटत होतं, कारण स्नूपिंग नसताना स्विच मल्टिकास्ट (एकदाच पाठवून अनेकांना पोचणारं चॅनेल) सगळ्या पोर्टवर सोडतो. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ एमबीपीएस, आणि सेट टॉप बॉक्सचं पोर्ट बहुधा १०० चंच. स्नूपिंग चालू केलं की ज्या पोर्टवरून मागणी आली तिथेच चॅनेल जातं. चॅनेल लावताना बॉक्स मागणी पाठवतो, स्विच ती टेबलात नोंदवतो. ही नोंद टिकवायची तर कोणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून कोणाला हवंय?’ असं विचारावं लागतं. ते काम क्वेरियरचं. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, उत्तराला १० सेकंद देतो आणि नोंद दोन फेऱ्या धरून ठेवतो : २ × १२५ + १० = २६० सेकंद. विचारणाराच नसेल तर ४ मिनिटं २० सेकंदांनी नोंद पुसली जाते आणि चित्र थांबतं.

ज्या मुख्य स्विचला चॅनेल देणारं यंत्र जोडलंय, त्यावरच टीव्हीच्या व्हीलॅनसाठी (त्याच स्विचवरचं टीव्हीपुरतं वेगळं नेटवर्क) क्वेरियर चालू करा. मजल्यावरच्या स्विचवर नको. क्वेरियरच्या दिशेने सगळे ग्रुप, म्हणजे सगळी चॅनेल, पाठवले जातात, म्हणजे त्या मजल्याच्या अपलिंकवर (मुख्य स्विचकडे जाणाऱ्या जोडणीवर) ९६ एमबीपीएस कायमचे. मुख्य स्विचला त्या व्हीलॅनमध्ये आयपी पत्ता द्या. तो नसेल तर काही स्विच ०.०.०.० वरून विचारतात आणि काही उपकरणं अशा विचारणेकडे ढुंकूनही बघत नाहीत. दोन क्वेरियर असले तर लहान पत्त्याचा जिंकतो, म्हणून मुख्य स्विचचा पत्ता सगळ्यांत लहान ठेवा. बॉक्स जुने असतील तर आयजीएमपीची आवृत्ती २ निवडा.

मग एका खोलीत चॅनेल लावून पाच मिनिटं थांबा. मजल्यावरच्या स्विचच्या ग्रुप टेबलात नोंद टिकलेली आणि राउटर पोर्ट (क्वेरियरकडे जाणारं पोर्ट) म्हणून अपलिंक दिसायला हवं.

आणखी दोन गोष्टी. ‘फास्ट लीव्ह’ (चॅनेल सोडताच त्या पोर्टवर ते लगेच बंद करणं) एका पोर्टला एकच बॉक्स असेल तरच लावा. खोलीत छोटा स्विच टाकून दोन टीव्ही जोडले असतील, तर एकाने चॅनेल बदललं की दुसऱ्याचंही बंद पडतं. आणि चॅनेलना २३९.०.०.x किंवा २३९.१२८.०.x पत्ते देऊ नका. आयपीचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच वापरतो तो हार्डवेअर पत्ता) उतरतात, त्यामुळे हे पत्ते नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी राखलेल्या २२४.०.०.x शी जुळतात आणि मॅकवर चालणारे स्विच ते सगळीकडे सोडतात. २३९.१०.१०.१ पासून सुरुवात करा.

प्रश्न : हेच चॅनेल वायफायवर मोबाइलमध्ये तुटक दिसतं. का?

उत्तर : ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सर्वांत कमी बेसिक वेगाने पाठवतो, २.४ गिगाहर्ट्झवर तो १ एमबीपीएसही असतो. हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा पाठवत नाही, ते वेगळंच. ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘मल्टिकास्ट टू युनिकास्ट’ चालू करा आणि ५ गिगाहर्ट्झ वापरा. एकाच पॉइंटवर वीस जण बघणार असतील तर मात्र हा उपाय पुरा पडणार नाही, कारण प्रत्येकाला वेगळी प्रत जाते.

प्रश्न : स्नूपिंगमुळे ऑफिसच्या व्हीलॅनमधला प्रिंटर पाहुण्यांच्या मोबाइलला दिसेनासा झाला का?

उत्तर : स्नूपिंगचा संबंध नाही. प्रिंटर स्वतःची ओळख २२४.०.०.२५१ वर सांगतो आणि या पट्ट्यातले पत्ते राउटर पुढे नेत नाहीत. राउटरवर एमडीएनएस रिफ्लेक्टर (ही ओळख दुसऱ्या व्हीलॅनमध्ये पोचवणारी सोय) असेल तर चालू करा, आणि फायरवॉलमध्ये पाहुण्यांकडून त्या प्रिंटरपुरतंच छपाईचं ६३१ पोर्ट उघडा.