जुनी गाडी उन्हात बंद पडते, गार झाली की चालू होते. बिघाड कसा शोधायचा?

तुमची २००४ची पेट्रोल गाडी दुपारी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती गार होते, म्हणून मेकॅनिकला काही सापडत नाही. तपासणी बंद पडल्या जागीच करायला हवी.

आधी टेम्परेचरचा काटा बघा. वर गेला असेल तर रेडिएटरचा पंखा फिरतोय का पाहा. गरम असताना झाकण मात्र उघडू नका. काटा जागेवर असेल तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. टाकीतल्या पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद घरघर यायला हवी. आली नाही तर पंप किंवा त्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, बिघडलाय. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवत असाल तर पंप लवकर जातो, कारण त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच.

घरघर येते, तरी गाडी उठत नाही? मग स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरा हलतो का बघा. ढिम्म राहिला तर माझा संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. गरम झाला की सिग्नल बंद, गार झाला की शहाणा! माझ्या गाडीने गायमुखच्या चढावर हाच तमाशा केला होता, आणि मी तोवर कॉइल, प्लग सगळं बदलून बसलो होतो. सेन्सरवर ओलं फडकं ठेवून गाडी लगेच उठली तर चोर सापडला.

कार्ब्युरेटरवाली गाडी असती तर पाइपात पेट्रोलची वाफ होते का, तेही पाहावं लागलं असतं.