चोक ओढला की चालते, सोडला की बंद

प्रश्न : माझ्याकडे होडीच्या मागे लावायची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर आहे, बरेच महिने पडून होती. आता चोक ओढून स्टार्ट होते पण चोक आत केला किंवा थ्रॉटल दिला की गचके खाऊन बंद पडते. प्लग नवीन टाकलेत. कार्बोरेटर बदलावा का?

उत्तर : अहो, लगेच बदलू नका! चोक ओढला की हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं, तेव्हाच चालते म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय. आधी टाकीच्या झाकणावरचा व्हेंट स्क्रू उघडा आहे ना बघा, बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल येतच नाही (हे बघायचं राहूनच जातं बऱ्याच जणांचं). मग मोटर चालू असताना पाइपवरचा रबरी पंप दाबत राहा, त्याने नीट चालली तर दोष बहुतेक फ्युएल पंपाच्या डायफ्रामचा (आतल्या लवचिक पडद्याचा) नाहीतर पाइपमधून हवा ओढली जातेय. तरीही फरक नाही, तर मग कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) चोंदलेत असं धरा, पडून राहिलेलं पेट्रोल सुकून आत चिकट थर बसतो. कार्बोरेटर खोलून जेट काढा, कार्ब क्लीनर मारा, मग हवेचा प्रेशर. तार घालू नका हां, भोक मोठं झालं की जेट वाया. जमवताना गॅस्केट नवीन टाका, फ्लोट (आतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकत नाही ना तेही बघा.

आणि तोवर चोकवर रेटत चालवू नका, तुमच्या मोटरीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, पिस्टन जाम होईल.