सिडनीतल्या पक्षशाखेचं मासिक बातमीपत्र माझ्याकडे आलंय. त्यात काय घालायचं आणि काय टाळायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पश्चिम सिडनीतल्या लेबर पक्षाच्या शाखेत तुम्ही वर्षभर जाताय, आता सेक्रेटरींनी सदस्यांचं मासिक बातमीपत्र तुमच्या गळ्यात घातलंय. त्यात काय असावं, कायद्याची पथ्यं कोणती, आणि तेच पत्र मराठी मंडळाच्या ईमेल यादीला पाठवलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. चालणार नाही. मंडळाकडे लोकांनी पत्ते दिले ते गणपती, दिवाळी पहाट आणि नाटकाच्या तिकिटांसाठी. नोंदणीकृत राजकीय पक्षांना 1988 च्या प्रायव्हसी कायद्यातून आणि 2003 च्या स्पॅम कायद्याच्या बऱ्याच अटींतून सूट आहे हे खरं, पण ती सूट पक्षाला आहे, मंडळाला नाही. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो: 2013 च्या चॅरिटीज कायद्याप्रमाणे एखाद्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार हा अशा संस्थेचा उद्देश असू शकत नाही. शिवाय मंडळात लिबरलचे मतदारही असतात आणि ग्रीन्सचेही. एका ईमेलवरून पुढच्या वार्षिक सभेत दोन तास भांडण होईल. यादी हवी असेल तर ती वेगळी जमवा: शाखेच्या स्टॉलवर एक फॉर्म ठेवा, वर पक्षाचं नाव मोठ्या अक्षरात असू द्या, आणि ज्याने स्वतःहून नाव लिहिलं त्यालाच पत्र जाऊ द्या.

आता मजकूर. बहुतेक शाखांची पत्रं नेत्याच्या फोटोने आणि कॅनबेरातल्या घोषणेने सुरू होतात. माझ्या मते हे उलटं आहे. कॅनबेराची बातमी सदस्याला टीव्हीवर आधीच कळलेली असते, मुख्यालयाचं ईमेलही येऊन गेलेलं असतं. शाखेच्या पत्रातून त्याला फक्त तेच हवं असतं जे दुसरीकडे कुठे मिळणार नाही: सभा कधी, कुठल्या ठरावावर मत द्यायचंय, कुठली मुदत संपत्येय. हे तिन्ही फोनच्या पहिल्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे, खाली सरकवायला न लागता.

सभेची सूचना लिहिताना वार, तारीख, वेळ, सभागृहाचं नाव, त्यातली खोली, गाडी लावायची जागा आणि दार कुठल्या बाजूने उघडतं हे सगळं लिहा. ‘पुढच्या मंगळवारी’ असं कधीही लिहू नका. सोमवारी पत्र वाचणारा आणि बुधवारी वाचणारा वेगवेगळा मंगळवार धरतात. ऑनलाइन सभेला ब्रिस्बेनहून वक्ता असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत त्याचं घड्याळ तुमच्यापेक्षा तासभर मागे असतं, कारण क्वीन्सलँड घड्याळ बदलत नाही. म्हणून वेळेपुढे ‘सिडनी वेळ’ लिहा. आणि एक ओळ दर महिन्याला ठेवा: हजेरी वहीत सही करा. नव्या माणसाला ती औपचारिकता वाटते, पण प्रीसिलेक्शनमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडताना, मत देण्याचा हक्क सदस्यत्वाच्या कालावधीवर आणि काही ठिकाणी हजेरीवरही ठरतो. सही राहिली तर तुम्ही खोलीत होता हे नंतर सिद्ध करता येत नाही. नेमके महिने आणि किती सभा हे राज्याच्या पक्षनियमांत बघून लिहा. व्हिक्टोरिया राज्यातल्या मित्राने सांगितलेला आकडा तुमच्या न्यू साउथ वेल्स राज्याला लावू नका.

ठरावाचा पूर्ण मजकूर द्या, सारांश देऊ नका. सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि मंजूर झाला तर तो पुढे कुठे जाणार (मतदारसंघाची परिषद, तिथून राज्य अधिवेशन) हेही लिहा. मागच्या सभेचं इतिवृत्त जोडताना एक काळजी घ्या: कोण कोणाला काय बोललं ते त्यात नको, काय ठरलं तेवढंच. ईमेल फॉरवर्ड होतं, आणि उमेदवार निवडीच्या हंगामात ते स्थानिक वार्ताहराकडे पोचायला फार वेळ लागत नाही.

सदस्यत्वाच्या नूतनीकरणाची आठवण नुसती ‘कृपया फी भरा’ अशी नको. कारण सांगा. 2013 मध्ये लेबरने पहिल्यांदा नेतानिवडीत निम्मं वजन सामान्य सदस्यांच्या मतांना दिलं, निम्मं खासदारांच्या. उमेदवार दोन होते, अँथनी अल्बानीज आणि बिल शॉर्टन. सदस्यांनी सुमारे 60 टक्के मतं अल्बानीजना दिली, खासदारांनी सुमारे 64 टक्के शॉर्टनना, आणि शॉर्टन 52 टक्क्यांवर निसटते जिंकले. मतपत्रिका टपालाने घरी गेल्या होत्या. म्हणजे पत्ता जुना राहिला तर मत गेलं. ‘पत्ता बदललाय का?’ ही ओळ फीच्या ओळीच्या वरच ठेवा. फीबद्दल आणखी एक उपयोगाची गोष्ट: नोंदणीकृत पक्षाची सदस्यता फी आणि देणगी मिळून वर्षाला 1500 डॉलरपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येते, प्रत्येक रक्कम किमान 2 डॉलरची असली पाहिजे. रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, तिकीट किंवा निधीसाठीच्या जेवणाचं ताट यात धरत नाहीत. इथलं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, म्हणून जूनच्या अंकात हे टाका, पावती जपून ठेवायला सांगा.

फी ज्याची त्यानेच भरायची, स्वतःच्या कार्डाने, स्वतःचा फोन आणि ईमेल देऊन. हे वाक्य मराठीतही लिहा, कारण आपल्याकडच्या माणसाला यात गैर काय ते चटकन जाणवत नाही. भाऊ दहा जणांची फी एकदम भरतो, त्यात काय! सहकारी संस्थांच्या निवडणुकीआधी सभासदांची यादी कशी फुगते हे ज्याने पाहिलंय त्याला मात्र लगेच कळेल. इथे त्याला ब्रँच स्टॅकिंग म्हणतात. याच कारणावरून जून 2020 मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने व्हिक्टोरियाची शाखा ताब्यात घेतली आणि तिथल्या सदस्यांचे अंतर्गत मतदानाचे हक्क 2023 पर्यंत गोठवले. प्रामाणिक सदस्यांचेही.

कायद्याच्या पथ्यांत पहिलं म्हणजे ऑथरायझेशनची ओळ, म्हणजे हा मजकूर कोणाच्या जबाबदारीवर निघाला ते सांगणारी ओळ. मतदारावर प्रभाव टाकणं हा ज्याचा मुख्य हेतू आहे अशा मजकुरावर, निवडणूक जाहीर झालेली असो वा नसो, फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने ती लागते. ईमेलवर पक्षाचं नाव, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि शहर. छापील पत्रकावर त्याशिवाय रस्त्याचा पूर्ण पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही) आणि छापणाऱ्याचं नाव-पत्ता. सदस्यांचं अंतर्गत पत्र यातून सुटतं का यावर वाद घालत बसू नका, तळाशी ओळ टाका आणि मोकळे व्हा. तेच पत्र कोणीतरी छापून पत्रपेटीत टाकलं की सूट संपली. नाव कोणाचं घालायचं ते राज्य कार्यालय सांगेल. आपल्या मनाने स्वतःचं घालू नका.

दुसरं, पत्ते. सगळ्यांना ‘सीसी’मध्ये घालून पाठवलेलं एक ईमेल म्हणजे पूर्ण सदस्ययादी प्रत्येकाच्या हातात. ‘बीसीसी’ वापरा, किंवा पक्षाचीच ईमेल यंत्रणा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्यामुळे न विचारता कोणाला ग्रुपमध्ये ओढू नका. मतदारयादीची प्रत पक्षाला कायद्याने मिळते, पण ती निवडणुकीच्या आणि ठरवून दिलेल्या कामांसाठीच. त्यातून पत्ते काढून कोणाच्या टिफिन सर्व्हिसची जाहिरात पाठवली तर तो गुन्हा आहे. हे काम दुसऱ्याकडे सोपवाल तेव्हा स्वतःच्या लॅपटॉपवरची यादी पुसून टाका.

परिसराच्या बातम्या देताना प्रत्येकीपुढे जबाबदार कोण ते लिहा. कचऱ्याचे डबे, उद्यानं आणि बांधकामाचे अर्ज कौन्सिलकडे. शाळा, इस्पितळ आणि रेल्वे राज्याकडे. व्हिसा आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) फेडरल सरकारकडे. हे न लिहिल्यामुळे खासदारांच्या कार्यालयात रोज न उचललेल्या डब्यांचे फोन येतात.

आता मराठी पान काढायचा मोह होईल. काढा, पण मतदानाची पद्धत सांगणारं एकही वाक्य दोघांनी तपासल्याशिवाय सोडू नका. फेडरल खालच्या सभागृहाच्या मतपत्रिकेवर प्रत्येक चौकटीत क्रमांक लिहावा लागतो. सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, मतपत्रिकेवर आडव्या रेषेच्या वर (पक्षांपुढे) किमान 1 ते 6, किंवा खाली (उमेदवारांपुढे) किमान 1 ते 12 लिहायला सांगतात. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला मात्र नुसता 1 पुरतो. ज्याने महाराष्ट्रात पदवीधर मतदारसंघात मत दिलंय त्याला पसंतीक्रम माहीत असतो, पण तिथेही पहिली पसंती पुरते, आणि तीच सवय इथे त्याची फेडरल मतपत्रिका बाद करते. त्यामुळे ‘आमच्या उमेदवाराला 1 द्या’ एवढंच लिहून थांबणं घातक आहे. ‘आणि उरलेल्या सगळ्या चौकटी भरा’ हे त्याच वाक्यात हवं.

सूर कुठे चुकतो याचंही उदाहरण आहे. 2019 मध्ये मेलबर्नच्या चिझम आणि कूयाँग मतदारसंघांत निवडणूक आयोगाच्या जांभळ्या रंगाशी मिळतेजुळते, चिनी भाषेतले फलक लागले होते. मत देण्याची योग्य पद्धत म्हणजे लिबरल उमेदवारापुढे 1, असा त्यांचा अर्थ होत होता. निकाल बदलला नाही, पण फलक दिशाभूल करणारे होते असं न्यायालयाने म्हटलं. मराठीत ‘मतदान असं करा’ हे शीर्षक नेमकं त्याच जातीचं आहे. ‘लेबर पक्षाचं आवाहन’ असं लिहा, पक्षाचा रंग ठेवा, जांभळा टाळा.

शाखेतला खासदार किंवा त्याच्या कार्यालयातलं कोणी ‘आमच्या पत्रातच चार ओळी टाकू’ म्हणालं तर आभार मानून नकार द्या. खासदाराच्या कार्यालयीन खर्चातून छापलेल्या मजकुरात पक्षाचं सदस्यत्व किंवा देणगी मागता येत नाही. ती दोन पत्रं वेगळीच राहू द्या, पाठवणारा ईमेल पत्ताही वेगळा.

फेडरल निवडणूक जाहीर झाली की मासिक अंकाची वाट पाहू नका. त्याच दिवशी दोन ओळींचं ईमेल पाठवा: निवडणुकीचा आदेश निघाल्यापासून सातव्या दिवशी रात्री 8 वाजता मतदारयादी बंद होते; ज्यांना नुकतंच नागरिकत्व मिळालंय किंवा ज्यांनी घर बदललंय त्यांनी आजच नाव तपासावं. शाखेत असे पाच-सहा जण हमखास असतात. त्यांना ईमेलनंतर फोनही करा.