पुनर्वसनाच्या इमारतीत पहिल्यांदा जाताना

मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत काम सुरू करतेयस, फार बरं वाटलं! सुरुवातीला एवढंच सांभाळ:

– चपला उंबऱ्याबाहेर काढ. घर 225 चौरस फुटांचं असलं तरी ते कुणाचं तरी अख्खं घर आहे.
– पाणी येण्याच्या वेळेत जाऊ नकोस.
– पहिल्या भेटीत फॉर्म पिशवीतच राहू दे.

नवखे हमखास चुकतात ते एका गोष्टीत. लिफ्ट बंद दिसली की लगेच उपाय सुचवायचे. मीही सातव्या मजल्यावरच्या एका आजींना अर्ज कसा करायचा ते सांगत बसले. त्यांनी गादीखालून वही काढली. दोन वर्षांच्या तक्रारी, तारखेवार. म्हणून आधी विचार, "तुम्ही काय काय करून पाहिलंत?" आणि मग गप्प बसून ऐक. एसआरएचे (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे) नियम नंतर सावकाश बघू.