गुरुत्व लहरी की गुरुत्वीय लहरी?

अरे, तुझ्या भाषणाचा कागद काल रात्री वाचला, हिंगोलीच्या पोरांसमोर बोलणारेस म्हणून दोनदा वाचला. मनापासून लिहिलंयस, पण दुसऱ्या पानावर मी अडलो. 'लायगोने गुरुत्व लहरी पकडल्या' असं वाक्य आणि खाली फोटो ढगांच्या पट्ट्यांचा. फोटो खरंच गुरुत्व लहरींचा आहे, पण लायगोचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेचा, त्याच्याशी काही संबंध नाही.

गुरुत्व लहर म्हणजे ग्रॅव्हिटी वेव्ह, ती आपल्या रोजच्या बघण्यातली. वाऱ्याने समुद्राचं पाणी वर उचललं, गुरुत्वाने खाली ओढलं, वेगात होतं म्हणून पातळीच्याही खाली गेलं, मग आजूबाजूच्या पाण्याने परत वर ढकललं, हे चालू राहिलं की झाली लाट. हवेचंही तसंच, डोंगरावरून वारा चढून गेला की पुढे कितीतरी अंतर वरखाली होत राहतो, वर गेल्यावर गार होऊन ढग बनतो, खाली आला की विरतो, म्हणून त्या पट्ट्या. सुनामी पण याच जातीची, ४ किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी साधारण ७०० किलोमीटरने पळते. या सगळ्यात हलतंय पाणी किंवा हवा, गुरुत्व फक्त त्याला जागेवर ओढून आणतंय.

गुरुत्वीय लहर म्हणजे ग्रॅव्हिटेशनल वेव्ह. इथे पाणी नाही, हवा नाही, अवकाशच ताणलं-आवळलं जातं. आइनस्टाइनने १९१६ मध्ये सांगितलं आणि हाती लागायला १४ सप्टेंबर २०१५ उजाडावं लागलं. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, तयार झालं ते ६२ पटीचं, म्हणजे तीन सूर्यांएवढं वस्तुमान या लहरींतून ऊर्जा होऊन निघून गेलं! ही लहर १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली तेव्हा लायगोच्या ४ किलोमीटरच्या बाहूंच्या, म्हणजे लेझर सोडतात त्या दोन काटकोनातल्या लांब नळ्यांच्या, लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या काहीशेव्या भागाएवढा होता. हे वाक्य पोरांसमोर सावकाश म्हण, घाई करू नकोस.

वेगाचं उदाहरणही बदल. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि मागोमाग १.७ सेकंदात गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचंच एक रूप, आले, दोघांचा प्रवास तब्बल १३ कोटी वर्षांचा. म्हणजे ही लहर प्रकाशाच्याच वेगाने येते, समुद्राच्या लाटेसारखा तिचा वेग खोलीवर ठरत नाही.

मराठीत दोन शब्दांत फरक फक्त 'ईय'चा आहे, लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरतात, म्हणून तू तरी पहिल्यांदा शब्द आला की अर्धी ओळ खर्चून काय हलतंय ते सांग. तुझ्यासमोर बसलेल्या पोरांच्या जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभं राहतंय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्याला २६०० कोटींची मंजुरी दिली, तिथेही बाहू ४ किलोमीटरचेच. या शब्दाचा अर्थ आधी त्यांना नीट कळायला हवा असं मला फार वाटतं.

आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर, भारतात या विषयावर कितीतरी आधीपासून काम करणारे, त्यांचं नाव तुझ्या कागदात कुठेच नाही, ते घाल. ढगांचा फोटो काढू नकोस, पहिल्या पानावर घे, तिथून सुरुवात केलीस तर दोन्ही लहरी शेजारी-शेजारी दाखवता येतील. रविवारपर्यंत नवा कागद पाठव, मी वाट बघतो.