दाराला कडी कुणी घातली, हे आधी ठरव

प्रिय,

घरात मार खाणारा मुलगा दहशतवादाकडे कसा ओढला जातो, या तुझ्या कादंबरीचा आराखडा वाचला. पहिल्या चार प्रकरणांत बाप मारतो, आठव्यात मुलगा घर सोडतो, दहाव्यात त्याच्या हातात शस्त्र. वेग आहे, पण वाचक म्हणेल, ‘हे होणारच होतं’, आणि थरार तिथेच विझेल. मार खाल्लेली बहुतेक मुलं कुणाच्या जिवावर उठत नाहीत. म्हणून त्याच घरात, तोच पट्टा खाल्लेली एक बहीण ठेव. ती का गेली नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहू दे.

घर सोडल्यानंतरची दोन वर्षं तू एका परिच्छेदात उरकली आहेस. कादंबरी खरं तर तिथेच आहे. जाळ्यात ओढणारा माणूस पहिल्या भेटीत धर्म, देश, क्रांती काढत नाही. तो ‘जेवलास का?’ विचारतो. मेसचे थकलेले पैसे भरतो, तापात डॉक्टरकडे नेतो. मग एखादं किरकोळ काम सांगतो, आणि ते झालं की चारचौघांत पाठ थोपटतो. घरी हे कधी झालेलं नसतं. मग नवं नाव मिळतं. भाषा बदलते ती त्यानंतर: ‘मी’च्या जागी ‘आपण’ येतं, शेजाऱ्यांची नावं जाऊन ‘ते लोक’ उरतात. त्या माणसाला एका दमात तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलू देऊ नकोस. भाषण आलं की वाचक पान उलटतो.

मानसशास्त्रज्ञ फथाली मोघद्दम यांनी २००५ साली या प्रवासाला जिन्याची उपमा दिली: तळमजला आणि वर पाच मजले, माणूस जसजसा वर चढतो, तसतसे त्याला दिसणारे पर्याय कमी होत जातात. तुला हे आयतं बांधकाम आहे. त्याला परत फिरता येईल अशा सहा-सात दारांची यादी कर: बहिणीचा फोन, जुना मित्र, अर्धवट डिप्लोमा, आजोळ. प्रत्येकापुढे लिही, ते कुणी लावलं: त्यानं, घरच्यांनी, की त्या माणसानं? सगळी एकानंच लावली तर बाकीचे फुकट सुटतात. शिवाय अबोला धरायला भांडण लागतंच असं नाही. एका वर्षी राखीचं पाकीट न उघडता पडून राहतं, पुढच्या वर्षी ते येतच नाही. एवढं पुरे. आणि एक दार किलकिलं ठेव. आईनं शिधापत्रिकेवरून त्याचं नाव कमी केलेलं नाही, असं काहीतरी.

बालपणीचा प्रसंग तीनदा आण, दर वेळी जास्तीत जास्त एक पान. पहिल्यांदा मुलाच्या उंचीवरून: पट्ट्याचं बक्कल, बाहेरून पडलेली कडी, अंधार. बापाचा चेहरा नको. मध्यावर तो हे कुणाला तरी सांगतो आणि थोडं खोटं सांगतो. पाऊण कादंबरी झाल्यावर बहीण सांगते, तेव्हा कळतं की कडी आईनं घातली होती. हा धक्का लबाडीचा वाटू नये म्हणून पहिल्याच प्रसंगात बांगड्यांचा आवाज असायला हवा, पण वाक्याच्या मध्ये, नजरेत न भरेल असा.

पोलिसी भागात एक ढोबळ चूक आहे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या गुन्ह्यात तुझा वकील अटकपूर्व जामीन आणतो. या कायद्यात तो मिळत नाही. पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत जाऊ शकते, आणि न्यायालयानं मुदत वाढवली तर आरोपपत्राला १८० दिवसही लागू शकतात. त्या सहा महिन्यांत कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेले, एकमेकांशी न बोलणारे आईबाप तुला फुकटात मिळतात. बॉम्ब कसा बनतो ते मात्र लिहू नकोस. कथेला त्याची गरज नाही.

परतीचा प्रसंग आईच्या रडण्यावर उभा करू नकोस. २०११ साली जर्मनीतल्या गेरा शहरात नवनाझींच्या संगीत महोत्सवात नवनाझी गटांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या ‘एक्झिट-डॉइचलँड’ या संस्थेनं गुपचूप २५० टी-शर्ट वाटवले. धुतल्यावर वरची छपाई गेली आणि खालून मजकूर निघाला: टी-शर्टला जे जमतं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. तो क्षण बघ: समोर कुणी नाही, उपदेश नाही, हातात ओला कपडा. तुझ्या नायकालाही असाच एकटा गाठ.

आधी दारांची यादी पाठव. प्रकरणं नंतर बघू.